यीस्टमध्ये सदाफुलीचा एक जीन: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

९ जून, सोमवार

प्लाझ्मिड आलं एकदाचं, म्हणजे सदाफुलीचा जीन बसवलेला डीएनएचा गोल तुकडा, जो यीस्टमध्ये घालायचाय. एवढीशी ट्यूब, तळाला पांढरी पावडर पण नीट दिसत नाही आणि हिच्यासाठी आम्ही मार्चपासून थांबलोय. बायोसेफ्टी कमिटीची परवानगी मे महिन्यात आली होती, त्यामुळे आता बहाणा कसलाच उरला नाही.

नोंदवही नवीन, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. सदाफुलीत व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधं असतात, पण असतात म्हणजे किती, तर १ ग्रॅम व्हिनब्लास्टिनला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात. व्हिन्क्रिस्टिन तर पानांत त्याहून कमी असतं. म्हणून लोक झाडाचे जीन यीस्टमध्ये घालून यीस्टकडून हे काम करून घ्यायला बघतायत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जे कीसलिंगच्या ग्रुपने ते करून दाखवलं, ३० च्या वर पायऱ्या, ५६ जेनेटिक बदल, त्यातले ३४ जीन झाडांचे, आणि शेवटची जोडणी तरी यीस्टच्या बाहेर केमिकलीच करावी लागली. आमची उडी एवढी नाही. आम्ही त्या ३० मधली एकच पायरी घेतलीय, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला तेवढीच झेपते.

पायरी अशी: ट्रिप्टामिन अधिक सेकोलोगॅनिन, मध्ये स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज नावाचं एन्झाइम, आणि बाहेर येतं स्ट्रिक्टोसिडिन. ही चौकातली जागा आहे, इथून पुढे एक रस्ता व्हिनब्लास्टिनकडे, एक क्विनिनकडे, एक सर्पगंधेतल्या रेसर्पिनकडे जातो. एन्झाइमचं नाव लांब आहे, पुढे सगळीकडे एसटीआर लिहीन.

१६ जून

ट्रान्सफॉर्मेशन केलं, म्हणजे प्लाझ्मिड यीस्टच्या आत घातलं. लिथियम ॲसिटेट, पेग, सामन माशाचा डीएनए, ४२ डिग्रीला ४० मिनिटं. मामा (आमचे लॅब अटेंडंट) वॉटर बाथकडे बघून म्हणाले, "कितें गो, भट्टी घातल्या?" मी म्हटलं तसंच समजा मामा, यीस्ट तुमच्या काजूच्या निऱ्यातलंच (बोंडांच्या रसातलंच) आहे, फक्त शिकवणी लावलीय त्याला. मामांचं घर सत्तरीत, एप्रिलमध्ये उर्राक (काजूची दारू) काढतात, त्यांना फर्मेंटेशन माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मी मनापासून म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं की वास कसला येतो, आंबट की गोड, आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

१९ जून

प्लेटवर कॉलनी आल्या, पण अर्ध्या प्लेटवर हिरवी बुरशी पण आली. पावसाळ्यात गोव्यात काहीही उघडं ठेवा, दोन दिवसांत त्याला मिशा फुटतात. लॅमिनारचा (स्वच्छ हवेच्या कपाटाचा) फिल्टर बदलायचं पत्र दिलेलं आहे, पत्र कुठे आहे ते देवाला माहीत. बुरशीपासून लांबच्या ६ कॉलनी उचलून नव्या प्लेटवर घेतल्या, युरॅसिल नसलेल्या मिडियावर, तिथे प्लाझ्मिड घेतलेलं यीस्टच वाढतं.

गॅलॅक्टोजच्या (आमचा जीन चालू करणारी साखर) बाटलीत दगड झालाय. चमच्याने फोडून वजन केलं. पाणी किती शोषलं असेल कोण जाणे, म्हणजे २ टक्के म्हणून जे घालतोय ते २ टक्के नाही. लिहून ठेवते, नंतर कोणी विचारलं तर.

२४ जून

कॉलनी १, २ आणि ५ मध्ये जीन आहे, पीसीआरवर बँड आला. गॅलॅक्टोज दिल्यावर प्रोटीन बनतं का ते बघायला वेस्टर्न केलं (जीनला हिस्टिडिनचा टॅग लावून घेतला होता), ३५ किलोडाल्टनच्या आसपास रेघ दिसली, पुसट पण आहे. ग्लुकोजवर वाढवलेल्यात नाही. बरोबर, कारण ग्लुकोज असेपर्यंत जीनचा प्रमोटर, म्हणजे स्विच, झोपलेला असतो.

एक निर्णय नोंदवून ठेवते. झाडात हे एन्झाइम व्हॅक्युओलमध्ये (पेशीतल्या पिशवीत) जातं, त्यासाठी जीनच्या सुरुवातीला पत्त्याचा एक तुकडा असतो. ऑर्डर देताना आम्ही तो कापून टाकला, यीस्टमध्ये प्रोटीन भलतीकडे जायला नको म्हणून. तेव्हा हुशारी वाटली होती.

आज सांजाव, सेंट जॉनचा सण. प्रोजेक्टमधला पार्टनर शिवोलीला गेला बोटी बघायला, मी जेल धूत बसले.

३ जुलै

सेकोलोगॅनिनची कुपी आली. ५ मिलिग्रॅम. पाच. कुपीचं बिल बघून मॅडम (आमच्या गाईड) काही बोलल्या नाहीत, फक्त ते फाइलला लावायच्या आधी दोनदा वाचलं. ट्रिप्टामिन त्या मानाने मुरमुऱ्याच्या भावात मिळतं, सगळी गोची सेकोलोगॅनिनची आहे. यीस्टला ते स्वतः बनवायला लावणं म्हणजे आणखी कितीतरी जीन घालणं, २०१५ साली सारा ओ'कॉनरच्या ग्रुपने ते केलं, मार्गाचे १४ जीन, मदतीला ७ जास्तीचे आणि यीस्टचे स्वतःचे ३ काढून टाकले, एवढं करून स्ट्रिक्टोसिडिन लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास.

हिशोब: ५ मिलिलिटर कल्चर, त्यात अर्धा मिलिमोलर, म्हणजे सेकोलोगॅनिनचं रेणुभार ३८८ धरून एका ट्यूबला जवळजवळ १ मिलिग्रॅम. म्हणजे एका कुपीत पाच ट्यूब. बस.

पार्टनर म्हणाला पाचही ट्यूबमध्ये एसटीआरवाल्याच कॉलनी घालू, रिकाम्या प्लाझ्मिडवाल्या कंट्रोलला (तुलनेच्या ट्यूबला) १ मिलिग्रॅम वाया कशाला, एसटीआर नसेल तर काय बनणार आहे, काहीच नाही. मी हो म्हटलं. हो, मीच म्हटलं.

७ जुलै

स्वस्त सेकोलोगॅनिनचा शोध. २००१ साली हॉलंडमधल्या लायडनच्या लोकांनी यीस्टला स्नोबेरी नावाच्या झुडपाच्या फळांचा अर्क दिला होता, त्यात साखर पण असते आणि सेकोलोगॅनिन पण, यीस्टने दोन्ही वापरलं. स्नोबेरी इथे कुठून आणणार. पण ती ज्या कुळातली त्याच कुळात हनीसकल आहे, मग ज्युनियरने आज सकाळी घरून पिशवी भरून मधुमालती आणली, आजी तिला हनीसकल म्हणते आणि नर्सरीवाल्याने पण तेच सांगितलं होतं म्हणे. पोराने पावसात भिजून आणलेली. मधुमालती म्हणजे रंगून क्रीपर, तिचं कुळ अर्जुनाचं आणि हरड्याचं, हनीसकलशी काडीचा संबंध नाही, फक्त इंग्रजीत कोणीतरी तिला चायनीज हनीसकल म्हणून ठेवलंय. फुलं बीकरमध्ये पाणी घालून खिडकीत ठेवलीत. लॅबला छान वास येतोय.

सदाफुलीच्याच पानांचा अर्क का नाही, असं पण निघालं. नाही, कारण त्यात सेकोलोगॅनिनबरोबर तयार स्ट्रिक्टोसिडिन आणि पुढचे अल्कलॉइड असतात, मग आपण बनवलं की झाडाने हे कसं ओळखणार.

१० जुलै

फीडिंग. म्हणजे यीस्टला ट्रिप्टामिन आणि सेकोलोगॅनिन दिलं, पाच ट्यूब, एसटीआर कॉलनी १, १, २, २, ५. ३० डिग्री, शेकर, ४८ तास.

१४ जुलै

सॅम्पल घेऊन एलसीएमएसला गेलो, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून त्यांचा मास मोजणारं मशीन. मशीन दुसऱ्या संस्थेत आहे, स्लॉट दोन आठवड्यांनी एक मिळतो. बर्फाचा थर्माकोलचा डबा आमच्याकडचा फुटलेला, म्हणून पार्टनरने मार्केटमधल्या मासळीवाल्या मावशीकडून एक आणला, धुतला, तरी कदंबाच्या बसमध्ये शेजारच्या काकी डब्याकडे बघून विचारतात, "बांगडे कसे दिले?" आम्ही म्हटलं महाग पडले.

१७ जुलै

आला!!! मास ५३१ चा पीक आला. ट्रिप्टामिन १६०, सेकोलोगॅनिन ३८८, मिळून ५४८, जोडताना पाण्याचे १८ जातात म्हणून ५३०, त्यावर एक प्रोटॉन म्हणून ५३१. फोडून बघितलं तर ५१४, ३५२, १४४ सगळे तुकडे जागच्या जागी. ३५२ म्हणजे ग्लुकोज आणि अमोनिया गेलेला. पाचही ट्यूबमध्ये पीक, आणि छोटा नाही, भरभक्कम.

संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट. पार्टनरने दोन पाव जास्तीचे घेतले. घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणते, म्हणजे औषध तयार झालं का. म्हटलं नाही गं, औषधाच्या वाटेवरचं पहिलं गाव आलं.

२१ जुलै

मॅडमना ग्राफ दाखवला. त्यांनी पीकवर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "याला उजवीकडे खांदा का आहे?"

खांदा होता. आम्ही पण बघितला होता, पण दुर्लक्ष केलं, कॉलम जुना आहे म्हणून असेल.

मग दुसरा प्रश्न, "कंट्रोल कुठेय?"

त्यानंतरची पाच मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, मिडियाचा पीएच मोजलास का शेवटी? नव्हता मोजला. उरलेलं कल्चर फ्रिजमध्ये होतं, जाऊन मोजला, ३.२. यीस्ट वाढताना अमोनियम खातं आणि आम्ल बाहेर टाकतं, बफर (पीएच धरून ठेवणारा पदार्थ) नसलेल्या मिडियात हे होणारच, पहिल्या वर्षाला शिकलेलं.

आणि आम्लात ट्रिप्टामिन आणि सेकोलोगॅनिन एन्झाइमशिवाय पण एकमेकांना चिकटतात. पिक्टेट-स्पेंग्लर रिॲक्शन, शंभर वर्षांपेक्षा जुनी केमिस्ट्री. फरक एवढाच की एन्झाइम एकाच बाजूचा रेणू बनवतं, स्ट्रिक्टोसिडिन, आणि आम्ल दोन्ही बाजूंचे बनवतं, स्ट्रिक्टोसिडिन आणि त्याचा आरशातला नाही पण एका कोपऱ्यात उलटा वळलेला भाऊ, व्हिन्कोसाइड. मास दोघांचा तोच, तुकडे पण तेच. तो खांदा म्हणजे बहुतेक हा भाऊ.

म्हणजे आमच्या यीस्टने काही केलं की नाही हे आम्हाला माहीतच नाही, कदाचित नुसतं दही लागल्यासारखं आपोआप लागलं. ऑम्लेटचे पैसे पार्टनरकडून परत मागितले, दिले नाहीत.

२२ जुलै

दिवसभर काही केलं नाही. वाचत बसले. मनसुख वाणींबद्दल वाचलं, नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत मन्रो वॉलबरोबर कॅम्प्टोथेसिन शोधलं, १९६६, आणि टॅक्सॉल, १९७१. कॅन्सरवरची दोन एवढी मोठी औषधं, आणि आपल्याकडे नंदुरबारबाहेर किती जणांना नाव माहीत आहे. कॅम्प्टोथेसिन मूळ चिनी झाडातलं, पण नंतर आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात पण सापडलं, आणि मग नरक्याची जी तोड झाली ती झाली. आणि कॅम्प्टोथेसिन बनतं कशातून, तर ट्रिप्टामिन आणि सेकोलोगॅनिनच्या याच जोडणीतून. म्हणजे या एका पायरीवर सदाफुली आणि नरक्या दोघांची वाट येते. थोडा हुरूप आला.

५ ऑगस्ट

दुसरी कुपी आली. मॅडमनी सांगितलंय तिसरी नाही. परत पाच ट्यूब. यावेळी तीन दिवस नुसतं कागदावर भांडलो, एकही पिपेट न उचलता, आणि माझ्या मते प्रोजेक्टचे सगळ्यात कामाचे तीन दिवस हेच.

ठरलं ते असं. यीस्ट आधी नेहमीसारखं वाढवायचं, गॅलॅक्टोज देऊन एन्झाइम बनवून घ्यायचं, मग सेंट्रीफ्यूज करून पेशी धुवायच्या आणि पीएच ७ च्या बफरमध्ये ठेवायच्या, आणि तिथे दोन्ही पदार्थ द्यायचे. वाढ नाही, आम्ल नाही. बफर कोणता यावर अर्धा दिवस गेला. पार्टनर म्हणाला ट्रिस, बाटलीभर पडलंय. ट्रिस नको, ट्रिसमध्येच ट्रिप्टामिनसारखं अमाइन आहे, सेकोलोगॅनिनचं अल्डिहाइड (जोडणीचं टोक) ट्रिप्टामिनला सोडून त्यालाच जाऊन बिलगेल. फॉस्फेट? मॅडम म्हणाल्या या जातीच्या रिॲक्शनला फॉस्फेट स्वतःच हातभार लावतो असं दुसऱ्या अमाइनबाबत छापून आलंय, आधीच एकदा फसलोय, विषाची परीक्षा नको. शेवटी हेपिस.

ट्यूब १: एसटीआर, जुना मिडिया. ट्यूब २: रिकामं प्लाझ्मिड, जुना मिडिया. ट्यूब ३: एसटीआर, हेपिस पीएच ७. ट्यूब ४: रिकामं, हेपिस. ट्यूब ५: यीस्टच नाही, मिडिया आम्ल घालून ३.२ ला आणलेला, नुसते दोन पदार्थ. पाचव्या ट्यूबवर पार्टनरचा जीव तुटत होता, १ मिलिग्रॅम पाण्यात म्हणून. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं, ते पुढे.

२० ऑगस्ट

फीडिंग. मध्ये दोनदा लाइट गेली, शेकर इन्व्हर्टरवर नाही, म्हणून मी आणि ज्युनियर आळीपाळीने ट्यूब हाताने हलवत बसलो, २० मिनिटं आणि मग परत १५. मामांनी चहा आणून दिला.

२२ ऑगस्ट

थांबवलं. ट्यूब १ आणि २ चा पीएच ३.३ आणि ३.२. ट्यूब ३ आणि ४ चा ६.९. सॅम्पल फ्रीझरमध्ये, स्लॉट चवथीनंतर (गणपतीनंतर).

२८ ऑगस्ट, घरी, साखळी

चवथ. काल माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना काकाला मदत केली, सुपारीचा घोस, तोरिंग, चिबूड, कांगलां, रानातलं काय काय. काकाला प्रत्येकाचं नाव आणि कशावर चालतं ते पाठ आहे, आणि तोच काका रोज सकाळी शुगरसाठी सदाफुलीची पानं चावतो. मी पुन्हा सांगितलं की हे नको, यातले अल्कलॉइड पेशी वाढायच्याच थांबवतात, मापाशिवाय खायची गोष्ट नाही. तो म्हणतो, मग तुम्ही त्याचंच औषध का बनवता. मी त्याला कॅनडाची गोष्ट सांगितली, १९५० च्या दशकात नोबल आणि बीअर हे शास्त्रज्ञ पण सदाफुली मधुमेहासाठीच तपासत होते, जमैकातून पानं आलेली, तिथे लोक चहा करून प्यायचे. उंदरांच्या साखरेला काही झालं नाही, पण पांढऱ्या पेशी धडाधड खाली आल्या आणि त्यातून कॅन्सरचं औषध निघालं. काका जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "साखरेला कायच जालें ना?" म्हटलं ना. आज सकाळी कुंडीकडे गेला नाही. उद्याचं माहीत नाही.

४ सप्टेंबर

रन झाला. या वेळी लांब ग्रेडियंट (पदार्थ सावकाश वेगळे करणारा) लावायला सांगितला, ज्यामुळे खांदा सुटा होईल. मशीनवरच्या ताईंच्या मागे आम्ही दोघं उभे, श्वास रोखून वगैरे नाही, ताईंनी खुर्च्या दिल्या होत्या पण बसलो नाही.

आधी ट्यूब ५, यीस्ट नसलेली. ५३१ वर दोन पीक, ११.२ मिनिटांना एक आणि ११.९ ला एक, शेजारी शेजारी, जुळ्यासारखे. ट्यूब २, रिकामं प्लाझ्मिड, तिथे पण तेच दोन. म्हणजे जुलैचं ऑम्लेट खरंच आम्लाचं होतं. ट्यूब १ मध्ये पण दोन, फक्त ११.२ चा किंचित उंच वाटला, पण वाटला यावर मी आता काही लिहिणार नाही.

ट्यूब ४, रिकामं, हेपिस. सपाट. ५३१ वर काही नाही.

ट्यूब ३. ११.२ ला एक पीक. ११.९ ला काहीच नाही.

छोटा आहे, जुलैच्या पीकच्या मानाने अगदी टिंगू, ताईंना स्केल वाढवून दाखवावा लागला. पण एकटा आहे. आणि हेच माझ्या डोक्यात होतं, स्ट्रिक्टोसिडिनचं स्टँडर्ड (तुलनेला शुद्ध नमुना) विकत घ्यायला पैसे नव्हते, तर आम्लाने फुकटात दोन्ही भाऊ बनवून दिले, त्यांच्या वेळा कळल्या, आणि आमचं एन्झाइम त्यातला एकच बनवतं हे शेजारी ठेवून बघता आलं. ज्या ट्यूबवर जीव तुटत होता तीच स्टँडर्ड झाली. पार्टनर म्हणतो ही आयडिया त्याची. नाही.

८ सप्टेंबर

मॅडमना दाखवलं. पेन्सिल परत ट्यूब ३ च्या पीकवर, खूप वेळ. मग म्हणाल्या, "चांगलं आहे. पण एकेकच ट्यूब आहे, याला रिझल्ट म्हणू नकोस, निरीक्षण म्हण." आणि दोन भावांमधला ११.२ वाला स्ट्रिक्टोसिडिनच हे पण अजून अंदाजच, एन्झाइम जो एक बनवतं तो तोच असणार यावरून. मान्य.

आता एवढा टिंगू का. लायडनवाल्यांना लिटरला २ ग्रॅमपर्यंत मिळालं होतं, पण जवळजवळ सगळं पेशीच्या बाहेर मिडियात, आत फक्त ०.२ टक्के, कारण हे दोन पदार्थ यीस्टच्या आत सहज जातच नाहीत. आणि आम्ही पत्त्याचा तुकडा कापून एन्झाइम आत कोंडून ठेवलंय, वर पेशी धुवून बाहेरचं जे काही असेल ते पण फेकून दिलं. म्हणजे आचारी स्वयंपाकघरात, भाजी अंगणात, आणि दाराला कडी.

११ सप्टेंबर

ग्राफ परत उघडून बघत बसले, सगळे मास. ट्यूब ३ आणि ४ दोन्हीत ३९१ वर एक पीक आहे, ट्यूब ५ मध्ये नाही. सेकोलोगॅनिन ३८९ ला दिसतं, म्हणजे हे दोनाने जास्त. दोन हायड्रोजन. यीस्ट अल्डिहाइडचं अल्कोहोल करतं, दारूमध्ये शेवटी तेच तर करतं, आणि अल्कोहोल झालेलं सेकोलोगॅनिन आम्हाला काही कामाचं नाही. बरोबर असेल तर आम्ही सोन्याच्या भावाने आणलेलं सेकोलोगॅनिन यीस्ट निवांत खराब करतंय, आणि म्हणजे थोडं का होईना आत जातंय पण.

मामांना सांगितलं. म्हणाले, भट्टीत पण असंच, निरो जास्त दिवस ठेवला की यीस्ट आपल्या मनाचं करतं, वेळेवर काढायला लागतं. ४८ तासांऐवजी ६, १२, २४ ला सॅम्पल काढायचं माझ्या यादीत नव्हतं, आज घातलं.

१८ सप्टेंबर

मॅडमनी तिसऱ्या कुपीवर सही केली. जिवंत पेशींचा नाद सोडून आधी पेशी फोडायच्या, काचेच्या मण्यांबरोबर व्होर्टेक्सवर, ३० सेकंद घुसळण आणि ३० सेकंद बर्फ, आणि त्या रसात फीडिंग, ट्यूब अर्ध्या मिलिलिटरची म्हणजे एका कुपीत पन्नास होतील. हे जूनमध्ये का सुचलं नाही विचारू नका. निम्म्या ट्यूब कंट्रोल. पार्टनरने स्वतः यादी केली, पहिल्या ओळीत रिकामं प्लाझ्मिड, तीन ट्यूब, खाली दोनदा रेघ मारलेली.

काचेचे मणी ऑटोक्लेव्हला टाकलेत. गॅलॅक्टोजची नवीन बाटली फोडली, झाकणाला पॅराफिल्म, आत सिलिकाची पुडी, वर ज्युनियरने चिठ्ठी चिकटवलीय, "उघडी ठेवणाऱ्याने चहा पाजायचा".